चालीवरचे शब्द : आजच्या मराठी गीतकाराचे माप

आज मराठीत सर्वांत चांगली गाणी कोण लिहितो, असा प्रश्न चारचौघांत टाकला की उत्तरे दोन दिशांनी येतात. पन्नाशी उलटलेली मंडळी लगेच मागे जातात. गदिमा, पी. सावळाराम, शान्ता शेळके, जगदीश खेबुडकर, सुरेश भट ही नावे घेतात आणि 'आता तसं कोण लिहितंय?' असे म्हणून विषय मिटवतात. विशी-पंचविशीतली मुले आजची गाणी भराभर सांगतात. गायकाचे नाव सांगतात, संगीतकाराचे सांगतात आणि गीतकाराचे विचारले की अडखळतात.

या लेखात मी प्रश्नाचे उत्तर एका नावाने देणार आहे. पण त्याआधी माप ठरवावे लागेल. आपण गीतकाराला ज्या मापाने मोजतो ते मुळात कवीचे माप आहे. गाण्याचे शब्द कागदावर उतरवायचे, चाल बाजूला ठेवायची आणि विचारायचे, हे कविता म्हणून उभे राहते का? राहिले तर लिहिणारा मोठा, नाही तर तो नुसता 'चालीवर शब्द बसवणारा'. या मापाने आजचा जवळजवळ प्रत्येक गीतकार आखूड पडतो. माझ्या मते दोष गीतकारांत कमी आणि मापात जास्त आहे.

मी विद्यापीठात मराठी शिकलेलो नाही. वृत्ते आणि जाती मी माधवराव पटवर्धनांच्या 'छंदोरचने'तून, एकेक प्रकरण वहीत उतरवत शिकलो. ताल शिकलो भजनी मंडळात टाळ धरून. गेली तीसेक वर्षे मी गाण्यांच्या वह्या ठेवतो. एका पानावर एक गाणे, वर गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे, खाली शब्दांच्या मात्रा आणि ताल. पुढे जे लिहिले आहे ते या वह्यांतून आलेले आहे.

चाल आधी, शब्द मागून

आजच्या गाण्यांविषयीची ठरलेली तक्रार अशी : आता संगीतकार आधी चाल बांधतो, तीत 'ला ला' किंवा काहीबाही तात्पुरते शब्द भरून ती गीतकाराच्या फोनवर पाठवतो आणि गीतकार त्या साच्यात शब्द ओततो. पूर्वी कविता असे, तिला चाल लावली जाई. म्हणून पूर्वीच्या गाण्यात काव्य होते, आजच्यात नाही.

यातली वस्तुस्थिती बऱ्याच अंशी खरी आहे. निष्कर्ष मात्र टिकत नाही. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. तेव्हापासूनच्या संगीत नाटकांची जुनी छापील प्रत कुठल्याही जुन्या ग्रंथालयात उघडून पाहावी. पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून आधीच्या एखाद्या पदाचा किंवा चिजेचा निर्देश असतो. म्हणजे चाल आधीची, शब्द नंतरचे. नाटककार ती चाल कानात ठेवून पद रचत असे. खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला १९११ साली गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, त्यांतल्या कित्येकींच्या मागे हिंदुस्थानी बंदिशी आणि ठुमऱ्या आहेत. आज ज्याला आपण अभिजात नाट्यसंगीत म्हणतो त्याचा मोठा भाग चालीवर लिहिलेला आहे.

याच परंपरेत फरकही ऐकू येतो. खाडिलकरांची पदे नुसती वाचावीत तर वाक्याची ओढाताण जाणवते. कर्ता एकीकडे, क्रियापद दुसरीकडे, मध्ये सामासिक शब्दांची गर्दी. देवलांच्या 'शारदे'तली (१८९९) पदे मात्र घरातल्या माणसांनी बोलावे तशी आहेत, आणि तीही गळ्यात तितकीच बसतात. दोघेही चालीवरच लिहीत होते. तेव्हा चाल आधी की शब्द आधी, यावर गाण्याचा दर्जा ठरत नाही. चालीने घातलेली बंधने पाळून माणसासारखे बोलता येते की नाही, यावर तो ठरतो.

मग 'आधी कविता, मग चाल' हीच खरी रीत, असे आपल्याला का वाटते? माझ्या मते याचे मोठे कारण 'गीतरामायण'. १९५५च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे ती गीते प्रसारित झाली. एकूण ५६. गदिमांचे शब्द आले, सुधीर फडक्यांनी चाली लावल्या. त्याचे यश इतके घरोघर पोचले की त्या एका रीतीला आपण नियम मानून बसलो. पुढे हृदयनाथ मंगेशकरांनी सुरेश भट, आरती प्रभू, ग्रेस यांच्या कवितांना चाली दिल्या आणि तो समज पक्का झाला. हे काम थोरच आहे. पण ते एका प्रकारचे काम आहे. संगीत नाटकाच्या पदकाराचे, तमाशातल्या शाहिराचे आणि आजच्या चित्रपट-गीतकाराचे काम दुसऱ्या प्रकारचे आहे, आणि ते त्याच्याच अटींवर तपासले पाहिजे.

ऐकण्याच्या तीन कसोट्या

माझी रीत साधी आहे. गाणे आधी शब्द समोर न घेता ऐकतो. मग टाळी देत मात्रा मोजतो. मग तेच शब्द कुणाशी तरी बोलावेत तसे मोठ्याने म्हणून पाहतो. बोलण्यातला भार आणि गाण्यातला भार जिथे भांडतात तिथे खूण करतो. यातून तीन कसोट्या तयार झाल्या.

पहिली कसोटी उच्चाराची. मराठी लिहिली जाते तशी बोलली जात नाही. 'आठवण' या शब्दात अक्षरे चार, पण आपण बोलतो 'आठ्-वण्', दोनच ठोके. जुन्या भावगीतात हा शब्द बहुधा चार अक्षरांनी गायला जाई, प्रत्येक 'अ' सुटा करून. आजच्या जलद चालीत तो बोलल्यासारखा दोन ठोक्यांत येतो. मात्रांचा हिशेब मात्र दोन्हीकडे जुळतो. 'आ-ठ-व-ण' धरले तर दोन, एक, एक, एक अशा पाच. 'आठ्' तीन आणि 'वण्' दोन धरले तरी पाचच. म्हणूनच मात्रावृत्ताची बैठक असलेली मराठी आजच्या चालीत सहज शिरते आणि अक्षरगणवृत्ताची मराठी अडखळते. ज्याच्या कानाला हे कळते, तो गीतकार बोललेल्या मराठीत लिहितो. ज्याला कळत नाही त्याच्या गाण्यात 'आठ्-वणऽ' असा मधेच लोंबणारा उच्चार ऐकू येतो.

दुसरे उदाहरण जोडाक्षराचे. 'सत्य' म्हणताना 'त्य'चा आघात मागच्या 'स'वर येतो आणि 'स' गुरू होतो. पण 'तुझ्या' म्हणताना 'झ्या'चा आघात 'तु'वर येत नाही. 'तु' लघूच राहतो. शाळेत 'जोडाक्षरामागचे अक्षर गुरू' एवढेच पाठ केलेला माणूस 'तुझ्या'ला चार मात्रांच्या जागेत ठेवतो आणि गायकाला 'तूऽझ्या' म्हणायला लावतो. मराठीत 'तुझ्या' किंवा 'तुझ्यासाठी' याशिवाय प्रेमगीत लिहिणे कठीण, त्यामुळे ही चूक वारंवार ऐकू येते.

दुसरी कसोटी ओळीच्या शेवटाची. शेवटी लांब स्वर धरायचा असेल, त्यातही तार सप्तकात, तर 'आ' किंवा 'ओ' तोंड उघडतो, 'ई' आणि 'ऊ' ते आवळतात. 'वाट' हा शब्द लांब धरायचा तर 'ट' शेवटपर्यंत तोंडात दाबून ठेवावा लागतो. 'वाटा' केले की गळा मोकळा होतो. हे गायकाचे सुख झाले. ऐकणाऱ्याच्या बाजूने प्रश्न यमकाचा. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे 'आले-गेले', 'सांगतो-मागतो', 'होते-नव्हते' ही यमके फुकट मिळतात. फुकट मिळालेल्या यमकावर अख्खे गाणे रेटणे हा आजच्या सामान्य गाण्याचा मुख्य दोष आहे. चांगला गीतकार क्रियापद आत ओढतो आणि ओळीच्या टोकाला नाम ठेवतो, किंवा क्रियापदच असे निवडतो की ते पुढे येईल हे आधी ओळखता येत नाही.

तिसरी कसोटी तोंडाची. हे गाणे कोण म्हणते आहे? कोणत्या तालुक्यातला, कोणत्या वयाचा, काय शिकलेला माणूस? चित्रपटातले गाणे हा त्या माणसाचा संवाद असतो. तो एरवी एक बोली बोलतो आणि गाणे सुरू होताच शब्दकोशातली मराठी बोलू लागतो, असे झाले की शब्द सुंदर असूनही गाणे खोटे वाटते. कवितेच्या मापात ही कसोटी जवळजवळ नाहीच. कवी सहसा स्वतःच्या तोंडाने बोलतो. गीतकाराला दुसऱ्याचे तोंड घ्यावे लागते.

आजची नावे

या कसोट्या घेऊन आजच्या गीतकारांकडे पाहू. यादी पुरी करण्याचा हेतू नाही. ज्यांच्यामुळे मुद्दा स्पष्ट होतो त्यांच्याविषयीच लिहितो.

संदीप खरे यांचे काम कवितेच्या मापाला सर्वांत जवळचे. २००३पासून सलील कुलकर्णी यांच्याबरोबर 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम त्यांनी गावोगाव नेला. कवी स्वतः रंगमंचावर बसून आपले शब्द म्हणतो, त्यामुळे ते कुणाचे असा प्रश्नच उरत नाही. शहरी मध्यमवर्गाचे बोलणे, त्याची अपराधी हळहळ, दमून घरी येणारा बाप हे त्यांनी गाण्यात आणले. उच्चाराच्या कसोटीला ते पूर्ण उतरतात. तिसऱ्या कसोटीवर मर्यादा दिसते. बहुतेक गाण्यांत बोलणारा माणूस एकच आहे, आणि तो कवीच्याच सोसायटीत राहणारा आहे.

वैभव जोशी यांच्याकडे गझलेची शिस्त आहे. गझल लिहिणाऱ्याला मात्रेची ढिलाई चालत नाही आणि प्रत्येक शेर स्वतंत्रपणे पेलावा लागतो. 'आनंदी गोपाळ' (२०१९) आणि 'मी वसंतराव' (२०२२) या चित्रपटांतली त्यांची गाणी मी पुन्हा पुन्हा तपासली आहेत. 'मी वसंतराव'मध्ये चाल अभिजात संगीताच्या अंगाने चालते, आणि अशा चालीत शब्द जड झाला की तान अडते. तिथे त्यांनी हलके, उघड्या स्वरांचे शब्द योजले आहेत. आज कागदावर सर्वांत चांगला कोण, एवढाच प्रश्न असता तर मी त्यांचेच नाव घेतले असते.

क्षितिज पटवर्धन नाटक आणि पटकथेतून आलेले. 'दगडी चाळ' (२०१५) काय किंवा 'झिम्मा' (२०२१) काय, त्यांच्या गाण्यात प्रसंग पुढे सरकतो, हे पटकथाकाराचे लक्षण. स्पृहा जोशी यांचे 'डबल सीट'मधले (२०१५) युगुलगीत हे बोललेल्या मराठीचे उत्तम उदाहरण. वाक्य चालीत मोडत नाही. शान्ता शेळके आणि वंदना विटणकर यांच्यानंतर गीतलेखनात स्त्रियांची नावे विरळ झाली होती. अश्विनी शेंडे, स्पृहा जोशी यांच्यामुळे ती पुन्हा दिसू लागली.

आता 'सैराट' (२०१६). या चित्रपटाच्या गाण्यांवर गीतकार म्हणून संगीतकार अजय-अतुल यांचीच नावे आहेत, काहींवर सोबत नागराज मंजुळे यांचे. त्यामुळे गीतकारांची चर्चा करताना ही गाणी हमखास सुटतात. संगीतकाराने स्वतःच लिहिले म्हणजे ते लेखन नव्हे, असा काहीसा आपला समज दिसतो. प्रत्यक्षात तोंडाच्या कसोटीवर गेल्या पंधरा-वीस वर्षांतले सर्वांत कसदार काम मला तिथे दिसते. करमाळ्याकडचा, नुकती मिसरूड फुटलेला मुलगा ज्या बोलीत मित्रांशी बोलतो त्याच बोलीत तो प्रेमाने वेडा होतो. मागे पाश्चात्त्य वाद्यवृंद गर्जत असतो आणि पुढे सोलापुरी उच्चार तसाच्या तसा राहतो.

याचा पडताळा घ्यायची एक सोय योगायोगाने झाली आहे. २०१८ साली 'सैराट'वरून 'धडक' हा हिंदी चित्रपट निघाला. त्यात 'सैराट'मधल्या दोन चाली तशाच घेतल्या आणि त्यांवर अमिताभ भट्टाचार्य यांनी हिंदी शब्द लिहिले. चाल तीच, संगीतकार तेच, बदलले फक्त शब्द. गीतकाराचे काम नेमके किती, हे मोजायला याहून चांगली संधी नाही. भट्टाचार्य हे आजच्या हिंदीतले निष्णात गीतकार. त्यांच्या शब्दांत मात्रेची चूक सापडत नाही, शेवटचे स्वर मोकळे आहेत, यमके ताजी आहेत. पहिल्या दोन कसोट्यांना ते पूर्ण उतरतात. पण ते गाणे उदयपूरच्याच मुलाने म्हणावे असे त्यात काही नाही. दिल्लीचा, भोपाळचा, मुंबईचा कुणीही म्हणू शकेल. मराठी गाण्यात करमाळा आहे, तो काढला की गाणे उरत नाही. चाल तीच असूनही अंगावर येणारा काटा कमी झाला, त्याचे कारण शब्दांत आहे. चालीवर शब्द 'नुसते बसवायचे' असतात असे म्हणणाऱ्यांनी ही दोन्ही गाणी लागोपाठ ऐकावीत.

माझे उत्तर

एवढे सगळे म्हटल्यावर माझे उत्तर गुरू ठाकूर असे आहे. ते अनेकांना सोपे वाटेल, कारण नाव प्रसिद्ध आहे. मी ते प्रसिद्धीसाठी घेत नाही. तिसऱ्या कसोटीवर इतक्या वेगवेगळ्या तोंडांनी बोलणारा दुसरा गीतकार मला आज दिसत नाही, म्हणून घेतो.

'अगं बाई अरेच्चा!'मध्ये (२००४) त्यांनी शहरी, आधुनिक भावगीत लिहिले. सहाच वर्षांनी 'नटरंग' (२०१०) आला. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट तमाशाचा, आणि तमाशात गाण्यांचे प्रकार ठरलेले. नमन, गवळण, लावणी, प्रत्येकाची भाषा वेगळी, थट्टेची मर्यादा वेगळी. ते प्रकार सांभाळून, वर नायकाच्या तोंडी देवाशी भांडणारी ग्रामीण बोलीतली विनवणी लिहायची होती. त्यातली गाजलेली लावणी पाहा. तिथे ओळींच्या शेवटी क्रियापदांचीच यमके आहेत, म्हणजे दुसऱ्या कसोटीचा नियम वरवर मोडला आहे. पण ती क्रियापदे रोजची नाहीत. दागिना अंगावर घालण्याला जुन्या लावणीत जे शब्द होते, त्या कोशातून ती आली आहेत. शिवाय प्रत्येक ओळीच्या पोटात आणखी दोन यमके ढोलकीच्या ठेक्यावर नेमकी पडतात. पठ्ठे बापूरावांची लावणी कानात मुरल्याशिवाय हे साधत नाही. आणि त्याच चित्रपटातली विनवणी अगदी उघडी. अलंकार जवळजवळ नाहीत, 'ण'चा 'न' झालेला, वाक्ये तुटलेली. एकाच लेखणीने एकाच चित्रपटासाठी ही दोन्ही टोके गाठली.

पुढे 'लय भारी'मध्ये (२०१४) वारकऱ्यांच्या गजराची भाषा, 'चंद्रमुखी'मध्ये (२०२२) पुन्हा लावणी पण या वेळी राजकारण्याच्या प्रेमात पडलेल्या कलावतीची, 'महाराष्ट्र शाहीर'मध्ये (२०२३) साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे वाटावे असे ऋतुगीत. या सर्व चित्रपटांना संगीत अजय-अतुल यांचे. त्यांची चाल भरगच्च असते, वाद्यवृंद मोठा, मुखडा उंच स्वरात. अशा चालीत शब्द दबून जायचा धोका फार. ठाकूर यांच्या शब्दांतली व्यंजने ठोक्यावर आणि स्वर लांबणीवर पडतात, त्यामुळे गर्दीतही शब्द ऐकू येतो. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत, ध्वनिक्षेपकाच्या खरखरीतून लोक त्यांचे शब्द बरोबर म्हणतात, याचे कारण हे आहे.

आक्षेप आहेत. 'चंद्रमुखी'पासून त्यांच्या शृंगारगीतांत नटवेपणा वाढला आहे. विशेषणे ओळीने येतात, दोन काढली तरी अर्थ हलत नाही. 'नटरंग'मध्ये सजावट ठेक्याच्या गरजेने होती, आता ती कधीकधी सवयीने येते असे वाटते. भक्तिगीतांत वारकरी शब्द असतात पण अभंगातला वैयक्तिक झगडा क्वचितच असतो. शब्दाच्या नेमकेपणात वैभव जोशी त्यांच्या पुढे आहेत, बोलीच्या धगीत 'सैराट' पुढे आहे. पण पल्ला पाहिला तर ठाकूरच. जगदीश खेबुडकर ज्या अर्थाने गीतकार होते, म्हणजे लावणी, अभंग, अंगाई, प्रेमगीत यांपैकी काहीही मागा आणि त्या-त्या माणसाच्या भाषेत घ्या, त्या अर्थाने आज तेच आहेत.

चित्रपटाबाहेरचे गीतकार

एक प्रश्न उरतो, आणि तो टाळणे बरे नाही. 'आजचा गीतकार' म्हटले की आपण चित्रपट आणि भावगीत एवढेच का धरतो?

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी आयुष्यभर गाणी लिहिली आणि गायली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या, मोठेपणी अक्षर शिकलेल्या या माणसाची गाणी वस्त्यावस्त्यांत लाखो लोकांना पाठ आहेत. तरी गदिमा, खेबुडकर, भट या यादीत त्यांचे नाव आपोआप येत नाही. आज दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की नवी भीमगीते निघतात. त्यातली बरीच लोकप्रिय चालींवर लिहिलेली असतात, म्हणजे संगीत नाटकाच्या पदकारांचीच रीत. समीक्षा मात्र तिकडे फिरकत नाही. कोळीगीतांचे तेच, खानदेशातल्या अहिराणी गाण्यांचे तेच.

नव्या पिढीतली आणखी एक धारा आहे. जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोड यांचे 'गुलाबी साडी' २०२४ साली देशभर वाजले. लिहिणारा आणि गाणारा एकच. ते गाणे कविता म्हणून वाचू गेले तर हाती फार लागत नाही. पण उच्चाराच्या कसोटीवर ते चोख आहे. सगळे शब्द बोलल्यासारखे पडतात, एकही स्वर ओढून आणलेला नाही. मराठी न कळणाऱ्यांनीही ते म्हटले, याचे श्रेय चालीइतकेच या सुट्या, लहान, उघड्या शब्दांना आहे. पुण्या-मुंबईतली रॅप म्हणणारी मुले याच वाटेने आणखी पुढे गेली आहेत. बोललेल्या मराठीचा ठोका त्यांच्याइतका बारकाईने आज कुणी मोजत नसेल. या लेखनातून एखादा मोठा गीतकार निघाला तर त्याला ओळखण्याचे माप आपल्याकडे तयार असले पाहिजे. 'ही कविता आहे का' असे विचारून तो सापडणार नाही.

नाममुद्रा

शेवटचा मुद्दा नावाचा. आपल्या जुन्या रचनाकारांनी तो फार हुशारीने सोडवला होता. तुकाराम असोत की जनाबाई, अभंगाच्या शेवटी त्यांचे नाव येते. होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव यांच्या लावणीत येते, वामनदादांच्या गाण्यात येते. नाममुद्रा रचनेच्या अंगातच विणलेली असल्यामुळे गाणे ज्याच्या तोंडी गेले त्याच्याबरोबर नावही गेले. त्याला ना छापखाना लागला, ना कचेरी.

चित्रपटगीतातून मुद्रा गेली. तिच्या जागी श्रेयनामावली आली, तबकडीचे वेष्टन आले, कॅसेटचा कागद आला, रेडिओवरचा निवेदक आला. तो गाण्याआधी तिघांची नावे घेई. माझ्या वह्यांतली जुनी पाने या कागदांवरून आणि रेडिओवरूनच भरली. आता गाणे मोबाइलवर वाजते, तिथे मोठ्या अक्षरांत गायक, कधी संगीतकार असतो, गीतकार शोधावा लागतो. परिणाम काय होतो याचे उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे. २०२३ साली महाराष्ट्राला अधिकृत राज्यगीत मिळाले. शाहीर साबळ्यांचा आवाज सगळ्यांना आठवतो. संगीत श्रीनिवास खळ्यांचे, हेही पुष्कळांना माहीत असते. शब्द राजा बढे यांचे, हे किती जण न अडखळता सांगतील?

हा केवळ मानाचा प्रश्न नाही. १९७७च्या एका निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी मोबदला घेऊन लिहिलेल्या गीतांवर पहिला हक्क निर्मात्याचा, असा कायद्याचा अर्थ लावला. पुढची पस्तीस वर्षे गीतकारांच्या हाती एकदाच मिळणाऱ्या रकमेपलीकडे सहसा काही लागले नाही. जावेद अख्तर यांच्यासारख्यांनी पाठपुरावा केल्यावर २०१२ साली स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर गाणे जिथे जिथे वापरले जाईल, तिथल्या मानधनातला समान वाटा मिळण्याचा गीतकाराचा आणि संगीतकाराचा हक्क आता सहसा लिहून घेता येत नाही. पण वाटा मिळायचा तर गाण्याशी नाव जोडलेले हवे. नाव गळाले की हक्क कागदावर राहतो. मोठ्या शहरातल्या, संस्थांचे सभासद असलेल्या गीतकाराचे नाव निदान कुठेतरी नोंदलेले असते. तालुक्याच्या गावी बसून भीमगीत किंवा कोळीगीत लिहिणाऱ्याचे बहुधा नसते.

म्हणून आजचा सर्वोत्तम गीतकार कोण, या प्रश्नावर वाद होणे मला चांगले वाटते. माझे उत्तर गुरू ठाकूर. कुणी वैभव जोशी म्हणेल, कुणी अजय-अतुल, कुणी आणखी एखादे नाव पुढे करेल, जे माझ्या वहीत अजून आलेले नाही. वाद घालायचा म्हणजे आधी नावे माहीत करून घ्यावी लागतात, शब्द नीट ऐकावे लागतात. या दिवाळीत गावोगाव 'दिवाळी पहाट'चे कार्यक्रम होतील. प्रत्येक गाण्याआधी निवेदक गायकाचे कौतुक करील, संगीतकाराची आठवण सांगील. त्याने गीतकाराचे नाव घेतले नाही, तर मध्यंतरात त्याच्याजवळ जाऊन ते विचारावे.